एसी थंड करीना, म्हणजे गॅसच संपला असे नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळ्यात वाहनांची काळजी कशी घ्यावी याविषयीचा मजकूर आपल्या दैनिकात दरवर्षी येतो आणि तो उपयोगीही असतो. यंदाच्या मजकुरातील टायरमधली हवा, कूलंट आणि बॅटरी यांविषयीच्या सूचना योग्यच होत्या. मात्र ‘दर उन्हाळ्यापूर्वी एसीत गॅस भरून घ्यावा’ हे त्यातले एक वाक्य चुकीचे आहे, आणि नागपुरात ते इतके सर्वमान्य होऊन बसले आहे की त्याचा लेखी प्रतिवाद करणे मला आवश्यक वाटले. शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शीतकरण व वातानुकूलन या व्यवसायाचा निदेशक म्हणून माझी नोकरी झाली. निवृत्तीनंतरही ओळखीपाळखीची मंडळी गाडीचा एसी बिघडला की आधी मला विचारतात, आणि बहुतेकांचे पहिले वाक्य ‘गॅस संपली वाटते’ हेच असते.

गाडीच्या एसीतला गॅस ही खर्च होणारी वस्तू नाही. हा समज कुठून आला असावा, याचा मी माझ्यापुरता एक तर्क केला आहे. नागपूरकराची गारव्याची कल्पना कूलरवर घडलेली आहे. टाकीतले पाणी उतरले की हवा कोमट येते, पाणी ओतले की पुन्हा गार होते. एसीकडेही आपण त्याच नजरेने पाहतो. पण कूलरच्या ताटीवरचे पाणी वाफ होऊन हवेबरोबर निघून जाते, म्हणून ते पुन्हा भरावे लागते. एसीत डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये द्रवाची वाफ होते खरी, परंतु ती वाफ बाहेर जात नाही. कॉम्प्रेसर तिला खेचून दाबतो, गाडीच्या तोंडाशी रेडिएटरपुढे बसवलेला कंडेन्सर तिची उष्णता बाहेर टाकून तिचा पुन्हा द्रव करतो, आणि एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून तो द्रव पुन्हा कॉइलमध्ये येतो. हे चक्र सर्व बाजूंनी बंद असते. रबरी होजमधून वर्षानुवर्षांत थोडा गॅस झिरपतो हे मान्य. परंतु ज्या गाडीला दर उन्हाळ्यात गॅस लागतो, त्या गाडीत गळती आहे आणि ती कोणी शोधलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आता नागपूरच्या हवेचा विचार करू, कारण एसीच्या तक्रारींचे मूळ आपल्याकडे फार वेळा तिथे असते. गाड्यांत आजही मोठ्या प्रमाणावर वापरला जाणारा आर-१३४ए हा वायू साध्या वातावरणीय दाबाला उणे २६ अंश सेल्सिअसला उकळतो. त्याचा कंडेन्सरमध्ये द्रव व्हायचा असेल, तर त्याचे तापमान बाहेरच्या हवेपेक्षा बरेच जास्त असावे लागते. नाहीतर उष्णता बाहेर जाणारच कशी? मे महिन्यात आपला पारा ४५ अंशांवर जातो आणि तापलेल्या डांबरालगतची हवा त्याहूनही गरम असते. म्हणजे कंडेन्सरमध्ये वायू ६०-६५ अंशांपर्यंत तापलेला राहणार, आणि त्या तापमानाला त्याचा दाब १६ ते १९ बारपर्यंत असणार. जी यंत्रणा डिसेंबरात आरामात चालते तीच नवतपात, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत तापलेल्या नऊ दिवसांत, काठावर येते. कंडेन्सरवरून जाणारी हवा अशा वेळी थोडीशी जरी अडली, तरी दाब आणखी चढतो आणि सुमारे ३० बारच्या आसपास सुरक्षेचा स्विच कॉम्प्रेसर बंद करतो. गाडीत बसलेल्या माणसाला एवढेच कळते की एसी मध्येच गरम हवा फेकू लागला. वास्तविक तेव्हा आत गॅस पुरेसा असतो, त्याची उष्णता काढून घेणारे कोणी नसते.

आमच्या शेजारच्या ताई बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला जातात. वर्धा मार्गावर गाडी वेगात असेपर्यंत त्यांचा एसी उत्तम चाले; परतताना शहरात शिरून सिग्नलला उभे राहिले की जाळीतून कोमट हवा यायची. गॅरेजवाल्याने दाब मोजण्याचे गेजसुद्धा न लावता ‘गॅस कम है’ म्हणून वरून गॅस भरला. त्यानंतर तर सिग्नल सुटून गाडी बरीच पुढे गेली तरी गारवा परतेना. मी त्यांना गाडी सावलीत उभी करून, इंजिन सुरू ठेवून एसी लावायला सांगितला आणि बॉनेट उघडले. कंडेन्सरचा पंखा फिरतच नव्हता. रेडिएटरचा पंखा वेगळा असल्याने इंजिन तापत नव्हते, म्हणून कोणाला संशय आला नव्हता. इंजिन बंद करून टॉर्चचा झोत टाकला तेव्हा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत धूळ, मेलेले किडे आणि रस्त्याकडेच्या सावरीचा उडालेला कापूस यांचा थर बसलेला दिसला. पंख्याचा रिले (त्याची वीज जोडणारा-तोडणारा छोटा स्विच) जळलेला निघाला. तो बदलला आणि कंडेन्सर इंजिनाच्या बाजूने साध्या नळीच्या पाण्याने धुतला. (वॉशिंग सेंटरचा जोरदार फवारा इथे मारू नये, ॲल्युमिनियमच्या पातळ पात्या वाकतात आणि वाट आणखी बुजते.) काम तेवढ्यावर भागले नाही, कारण आधी जास्तीचा भरलेला गॅस काढून पुन्हा वजनावर भरून घ्यावा लागला. म्हणजे चुकीच्या निदानाचे पैसे ताईंनी दोनदा दिले, एकदा गॅस भरण्याचे आणि एकदा तो काढण्याचे.

‘चालती गाडी थंड, उभी गाडी गरम’ या तक्रारीत पहिला संशय पंख्यावर आणि कंडेन्सरवरच घ्यायला हवा. सिमेंट रस्त्यांची कामे, उड्डाणपुलांची कामे, कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक वीज केंद्रांकडची राख अशी सगळी धूळ अंगावर घेत आपल्या गाड्या फिरतात. त्यामुळे उन्हाळ्यापूर्वीची निगा म्हणून काही करायचेच असेल, तर कंडेन्सर धुऊन घेणे हे गॅस भरण्यापेक्षा कितीतरी शहाणपणाचे आणि जवळजवळ फुकटचे काम आहे.

ज्या गाडीत हवा जोराने येते परंतु मुळीच थंड होत नाही, तिथे कॉम्प्रेसर फिरतो की नाही हे पाहावे. बहुतेक जुन्या व मध्यम वयाच्या गाड्यांत एसीचे बटण दाबताच ‘टक्’ असा आवाज येतो, कॉम्प्रेसरच्या पुलीपुढची चकती पुलीबरोबर फिरू लागते आणि इंजिनाचा आवाज किंचित दबतो. ती चकती स्थिर राहिली, तर कॉम्प्रेसरच्या क्लचला (चकती पुलीला जोडणाऱ्या विजेच्या चुंबकाला) वीज पोचत नाही किंवा तो क्लचच निकामी आहे. वीज न पोचण्याचे कारण एखादा स्वस्तातला फ्यूज किंवा रिले असू शकतो. फ्यूजच्या पेटीत पुष्कळदा हॉर्नचा आणि एसीचा रिले एकाच जातीचा असतो. क्रमांक जुळत असल्याची खात्री करून दोहोंची अदलाबदल केली, तर रिलेचा प्रश्न तिथेच मिटतो. आत गॅस फारच कमी असला तरी कमी दाबाचा स्विच क्लचची वीज तोडतो, ही गोष्ट खरी आहे आणि गॅरेजवाल्यांचा सगळा युक्तिवाद तिच्यावरच उभा असतो. परंतु ते गेज लावून दाखवावे, अंदाजाने सांगू नये. अलीकडच्या काही गाड्यांत क्लच नसलेला, कमी-अधिक क्षमतेने चालणारा कॉम्प्रेसर येतो. तिथे ‘टक्’ ऐकू येणार नाही आणि चकतीवरून काही कळणारही नाही. त्या गाड्या, गाडीच्या संगणकातले दोष वाचणारा स्कॅनर असलेल्या ठिकाणीच दाखवाव्यात.

हवाच कमी येत असेल तर प्रश्न निराळा. डॅशबोर्डमधल्या ग्लोव्ह बॉक्समागचा केबिन फिल्टर काढून उजेडात धरला तर नागपुरात वर्षभर फिरलेल्या गाडीत तो बहुधा मातकट झालेला आणि पानांच्या चुऱ्याने भरलेला दिसेल. सुरुवातीला एसी छान चालतो, अर्ध्या-पाऊण तासाने हवा कमी कमी होत जाते, आणि बंद करून थोड्या वेळाने लावला की पुन्हा छान चालतो, अशी तक्रार असेल तर कूलिंग कॉइलवर बर्फ जमतो आहे. त्यामागे बहुधा तुंबलेला फिल्टर किंवा कॉइलचे तापमान मोजणारा बिघडलेला सेन्सर असतो. हीटरचे झाकण पूर्ण न मिटल्यामुळेही थंड झालेल्या हवेत गरम हवा मिसळते. याशिवाय बाहेरची हवा घेण्याचे बटण चालू राहिल्यास ४५ अंशांची हवा सतत आत येत राहते आणि कुठलाच एसी तिला पुरा पडत नाही. उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या काचा आधी मिनिट-दोन मिनिटे उघड्या ठेवून आतली तापलेली हवा जाऊ द्यावी, मग काचा लावून आतलीच हवा फिरवावी.

गाडीखाली पाणी ठिबकत नाही म्हणून एसी बिघडला, असेही इथे अनेकदा ऐकू येते. ठिबकणारे पाणी हवेतल्या बाष्पाचे असते. मुंबईत ते बाराही महिने भरपूर पडेल; नागपुरात मे महिन्याच्या दुपारी हवा इतकी कोरडी असते की कॉइलवर फारसे पाणी जमतच नाही, आणि आतलीच हवा फिरत असेल तर ते आणखी कमी होते. पहिल्या पावसानंतर हीच गाडी अंगणात डबके करील. या एका लक्षणावरून गॅस भरून घेतलेली माणसे मी पाहिली आहेत. मात्र पावसाळ्यात खाली पाणी न पडता पायाशी गालिचा ओला होत असेल, तर निचऱ्याची नळी तुंबली आहे आणि ती लगेच मोकळी करावी.

आता गॅस खरोखरच कमी असेल तेव्हाचे सांगतो. गेजच्या जोडीत निळा काटा कमी दाबाच्या बाजूचा आणि तांबडा जास्त दाबाच्या बाजूचा असतो. आपल्या उन्हाळ्यात दुपारी निळा काटा ४० ते ५५ पीएसआय (एक बार म्हणजे सुमारे १४.५ पीएसआय) आणि तांबडा २५० ते ३५० पीएसआय दाखवील, त्यात काही वावगे नाही. दोन्ही काटे बरेच खाली असतील तर गॅस कमी आहे. दोन्ही फार वर असतील तर गॅस जास्त झाला आहे, आत हवा शिरली आहे किंवा कंडेन्सर थंड होत नाही. निळा वर आणि तांबडा खाली, म्हणजे दोघांत फारसे अंतर उरलेले नाही, असे दिसले तर कॉम्प्रेसर आतून झिजला आहे. निळा काटा शून्याच्याही खाली जाऊ लागला तर एक्सपान्शन व्हॉल्व्हशी अडथळा आहे, आणि बरेचदा तो अडथळा आत राहिलेल्या ओलाव्याचा बर्फ असतो. हे दोन काटे वाचायला पाच मिनिटेही लागत नाहीत; तरीसुद्धा मूळ चौकशीला बगल देऊन थेट गॅसचा डबा जोडला जातो, याचा मला विषाद वाटतो. आमच्या प्रशिक्षणार्थींना आम्ही पहिल्या वर्षीच हे शिकवत असू.

कमतरता ठरल्यावर गळती कुठे आहे ते शोधणे क्रमप्राप्त आहे. जोडांमधील ओ-रिंग, दगड लागून जखमी झालेला कंडेन्सर, कॉम्प्रेसरच्या दांड्यावरचे सील, भरण्याच्या तोटीतला छोटा व्हॉल्व्ह आणि सर्वांत त्रासाची म्हणजे डॅशबोर्डमागची कॉइल, या नेहमीच्या जागा. गॅसबरोबर तेलही बाहेर येते, त्यामुळे जोडाभोवती तेलकट होऊन त्यावर धूळ चिकटलेली दिसली की निम्मे निदान झाले. संशय राहिल्यास यंत्रणेत नायट्रोजन भरून साबणाचा फेस लावावा किंवा रंगद्रव्य सोडून अतिनील प्रकाशात पाहावे. जोडापाशी हिरवट-पिवळी चमक उठते. दुरुस्तीनंतर किमान अर्धा तास व्हॅक्यूम पंप चालवून आतली हवा व ओलावा काढावा, पंप बंद करून काटा स्थिर राहतो का ते पाहावे, आणि मगच गॅस भरावा. तो भरायचा वजनावर. लहान गाड्यांत साधारण ३५० ते ५०० ग्रॅम एवढाच गॅस असतो. नेमका आकडा आणि वायूचा प्रकार बॉनेटच्या आत चिकटवलेल्या पट्टीवर छापलेला असतो. एवढ्याशा मात्रेत १०० ग्रॅम इकडेतिकडे झाले तरी परिणाम जाणवतो. कॉम्प्रेसरचे तेल याच वायूबरोबर फिरते, म्हणून गळतीतून गेलेले तेलही हिशेबाने घालावे लागते. ते न घातल्यास आजचा गारवा टिकेल, कॉम्प्रेसर टिकणार नाही. गळती बुजवणारी जी रसायने डब्यात मिळतात ती मी कोणाच्याही गाडीत घालू देत नाही, कारण ती छिद्र आणि व्हॉल्व्ह यांत भेद करत नाहीत. स्वयंपाकाचा गॅस किंवा त्याच्या मिश्रणावर एसी ‘मस्त चालतो’ असे सांगणारेही भेटतात. तो चालतो हे खरे आहे आणि तो पेटतो हेही खरे आहे. डॅशबोर्डमागे गळती झाली तर तो थेट माणसे बसलेल्या जागेत येतो.

यात सार्वजनिक हिताचाही भाग आहे. आर-१३४ए ओझोनचा थर विरळ करत नाही, म्हणूनच १९८७ च्या माँट्रियल करारानंतर जुन्या आर-१२ च्या जागी तो आला. परंतु तापमानवाढीच्या बाबतीत तो १०० वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,३०० ते १,५०० पट प्रभावी आहे. एका लहान गाडीतला गॅस नळी सैल करून ‘फुस्स’ सोडून दिला की साधारण अर्धा टन किंवा त्याहून अधिक कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखे होते. अशा वायूंचा वापर घटवण्यासाठी २०१६ मध्ये किगाली येथे माँट्रियल करारात जी दुरुस्ती मान्य झाली, तिला भारताने २०२१ मध्ये अनुमोदन दिले. आपल्यासाठी २०२८ मध्ये वापर गोठवणे आणि २०३२ पासून कपात असे वेळापत्रक आहे. गॅस ओढून घेऊन, गाळून, वजन करून पुन्हा भरणारी यंत्रे शहरात उपलब्ध आहेत. ग्राहकाने त्यांचा आग्रह धरला तर छोटी गॅरेजेसही ती घेतील.

आणखी एका कारणाने हा विषय आता केवळ मोटारवाल्यांचा राहिलेला नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व अवजड मालवाहू ट्रकांच्या केबिनला एसी बंधनकारक झाला आहे, आणि त्या निर्णयाचा पाठपुरावा आपल्याच शहराचे खासदार व केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी केला. निर्णय अत्यंत योग्य आहे. मे महिन्यात इंजिनाशेजारी बसून ट्रक हाकणे म्हणजे काय, हे अमरावती मार्गावर उतरणाऱ्या चालकांना विचारावे. पण चारही दिशांचे ट्रक जिथून जातात त्या नागपुरात या एसींची दुरुस्तीही मोठ्या प्रमाणावर होणार, आणि ती जर ‘एक डबा मार दे’ याच पद्धतीने झाली, तर चालकांना गारवा मिळणार नाही आणि मालकांचा खर्च थांबणार नाही.

गॅरेजवाल्यांच्या बाजूनेही एक बोलायला हवे. सगळे लबाड नसतात. ग्राहकच घाईत येतो, एक तास गाडी ठेवायला तयार नसतो, गळती शोधण्याची मजुरी मागितली तर ‘नुसते बघायचे पैसे कसले?’ म्हणतो, आणि गॅसचे पैसे मात्र तक्रार न करता देतो. मग मिस्त्री तेच विकतो जे खपते. निदानाची मजुरी वेगळी द्यायची आपली तयारी हवी, आणि त्याबदल्यात बिलावर चार गोष्टी लिहून मागायला हव्यात: कामाआधीचे दोन्ही दाब, काढलेल्या गॅसचे वजन, भरलेल्या गॅसचे वजन आणि सापडलेली गळतीची जागा. ही नोंद असली म्हणजे पुढच्या वेळी दुसऱ्या गॅरेजला गेलो तरी मागचे निदान बरोबर होते की नाही ते कागदावरच कळते.

आपल्या दैनिकाकडून माझी अपेक्षा मर्यादित आहे. उन्हाळ्याच्या मजकुरातले ते वाक्य पुढील वर्षी वगळावे आणि त्याजागी फेब्रुवारीत कंडेन्सर धुऊन केबिन फिल्टर बदलण्याची सूचना द्यावी. शिवाय हिवाळ्याच्या मजकुरात एक ओळ वाढवावी: दिवाळीपासून होळीपर्यंत आपण एसीला हातही लावत नाही, त्या काळात तेल न फिरल्याने कॉम्प्रेसरचे सील कोरडे पडते आणि गळती तिथूनच सुरू होते, म्हणून थंडीतही आठवड्यातून एकदा दहा मिनिटे एसी चालवावा.

कळावे,
आपला नम्र,
एक निवृत्त शिल्प निदेशक, नागपूर